तीन झेल आणि एक नारळ

कोंडवाडीच्या क्रिकेट संघात अध्यक्ष भार्गवराव खोतांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. उपांत्य सामना कसाबसा जिंकला, तरी ते कडाडलेच, "सीमारेषेवरच्या त्या सुयोगने तीन सोपे झेल सोडले! उद्याच्या अंतिम सामन्यातून त्याला काढा!"

सुयोग बिचारा मान खाली घालून उभा. कर्णधार तुकाराम मात्र शांतपणे म्हणाला, "साहेब, सकाळी स्पर्धेच्या उद्घाटनाला तुम्ही नारळ दगडावर तीनदा आपटलात. तिन्ही वेळा तो टुणकन उडून प्रेक्षकांत गेला. आम्ही तो तुमच्या हातून काढून घेतला का?"

"काढून कशाला घ्याल?" भार्गवराव उसळले. "चौथ्यांदा फुटला ना!"

"मग झालं तर," तुकाराम म्हणाला. "याचा चौथा झेल उद्या आहे."