माळावरचे तीन दगड

फार पूर्वी एका राजाने नव्या राजवाड्यासाठी डोंगरावरचं अख्खं रान तोडलं. सागाचे खांब झाले, शिसवीचे दरवाजे झाले, आणि डोंगरातले झरे आटले. तिथली माणसं दरबारात येऊन विचारू लागली, आमचं रान कुठे गेलं?

राजा दुष्ट नव्हता. त्याला लाज वाटली. तेव्हा त्याच्या कारभाऱ्याने उपाय काढला. जितकी झाडं तोडली तितकीच दुसरीकडे कुठेतरी लावायची, म्हणजे फिटंफाट. राजाला हे इतकं पटलं की त्या रात्री त्याला छान झोप लागली.

कारभारी रिकामी जागा शोधायला निघाला. तीन दिवस घोडा दामटल्यावर त्याला एक माळ दिसला. क्षितिजापर्यंत गवत, मधे एखादी बोर, बाकी वारा. जवळच्या गावच्या पाटलाला त्याने सांगितलं, की ही ओसाड जमीन राजाने पसंत केली आहे. मृग लागला की घरटी एक माणूस कुदळ घेऊन यायचा, माळभर खड्डे खणायचे, राजाच्या बागेतली भराभर वाढणारी रोपं लावायची. बदल्यात गावाला दगडी सडक मिळेल. पाटील हरखून गेला. गावालाही आनंद झाला. झाडं लावणं हे पुण्याचं काम, त्यात वाईट काय असणार?

फक्त एक बाई नाही म्हणाली. तिचं नाव ठकू. ती धनगरीण होती, साठ मेंढ्या होत्या, आणि तो माळ तिला स्वतःच्या तळहातासारखा ठाऊक होता. ती पाटलाला म्हणाली, की माळ ओसाड नाही, भरलेला आहे. तिथे चंडोल आहे, तणमोर आहे, माळढोक आहे, काळवीट आहे, लांडगा आहे. झाडांची सावली पडली की गवत मरेल, आणि गवतामागोमाग हे सगळे जातील.

पाटील हसला. लांडगा गेला तर धनगरणीने पेढे वाटायला हवेत, असं तो चारचौघांत म्हणाला. ठकू म्हणाली, "तो वर्षाला दोन कोकरं नेतो, पाटील. तुम्ही अख्खा माळ नेताय."

त्या गावची एक जुनी रीत होती. माळावरचे बरेचसे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. ते उघड्या जमिनीवर, गवताच्या बुडख्याशी अंडी घालतात. असं अंडं ज्याला दिसेल त्याने त्याच्याभोवती थोड्या अंतरावर तीन दगड मांडायचे. मग पिल्लं चालायला लागेपर्यंत त्या दगडांच्या आत कोणाचंही पाऊल पडायचं नाही, मेंढीचंही नाही. ही रीत कोणी घातली ते कोणाला आठवत नव्हतं, पण ती मोडलेली कोणी पाहिलीही नव्हती.

आता मृगाचे दिवस म्हणजे नेमके अंड्यांचे दिवस. खणायचा दिवस ठरला, तशी ठकू रोज पहाटे माळ तुडवू लागली आणि दिसेल त्या अंड्याभोवती दगड मांडू लागली. माळाच्या उगवतीच्या अर्ध्या भागात तिला पाऊणशे घरटी सापडली. मावळतीच्या अर्ध्या भागात तिच्या मेंढ्या चरायच्या, तिथे त्या वर्षी एकही नव्हतं.

शेजारणी तिला म्हणाल्या, "अगं, सगळ्याच माळावर मांड की दगड. कोण वाकून बघतंय?"

ठकूने विचार केला नाही असं नाही. ती दगड ओटीत घेऊन मावळतीच्या माळावर गेलीसुद्धा. बराच वेळ उभी राहिली आणि तशीच परत आली. शेजारणींना म्हणाली, "एक दगड खोटा निघाला, तर पुढच्या वर्षी खऱ्यालाही कोणी विचारणार नाही."

ठरल्या दिवशी गाव कुदळी घेऊन आलं आणि उगवतीच्या माळावर थबकलं. जिकडे पाहावं तिकडे तीन-तीन दगड. एकही माणूस पुढे पाऊल टाकेना. कारभारी चिडला. ही सगळी या बाईची चलाखी आहे, असं त्याने जाहीर केलं. मग त्याने सर्वांसमोर पैज लावली. यातल्या एका जरी ठिकाणचे दगड रिकामे निघाले, तर ठकूने मेंढ्या घेऊन गाव सोडायचं आणि सगळा माळ खणायचा. सगळे खरे निघाले, तर या भागाला कोणी हात लावणार नाही.

ठकू म्हणाली, "कबूल. पण उभ्याने बघायचं नाही. पक्षी उडाला तर अंडी उन्हात भाजतील. पोटावर झोपून बघा."

मग गावाने एक दृश्य पाहिलं. जरीचा अंगरखा घातलेला राजाचा कारभारी गवतात पालथा पडून सरपटतोय. मागून कोणीतरी म्हणालं, सरकार, पगडी घोरपडीने नेली बघा. कारभाऱ्याने वळून पाहिलं नाही. त्याने एक जागा पाहिली, दुसरी पाहिली, दहावी पाहिली. कुठे चंडोलाची ठिपक्याठिपक्यांची अंडी, कुठे टिटवीची, कुठे तणमोराची मादी, गवताच्या रंगात गवत होऊन बसलेली. दुपार झाली, कोपरं सोलवटली, तरी तो थांबला नाही.

शेवटी एका ठिकाणी तो उठून बसला आणि आनंदाने हसला. तीन दगडांच्या मधे आणखी चार दगड, बाकी काही नाही. त्याने सगळ्यांना बोलावलं. ठकूच्या शेजारणींनी डोळ्यांना पदर लावला. ठकू मात्र शांतपणे खाली बसली आणि म्हणाली, जरा दम धरा.

सगळे दोन पावलं मागे सरले. थोड्या वेळाने चारांतला एक दगड डोळे उघडून इकडेतिकडे पाहू लागला. मग दुसऱ्याने मान वर केली. टिटवीची चार पिल्लं होती ती, अंड्यातून कालच निघालेली. एक उठलं आणि तुरुतुरु चालत थेट कारभाऱ्याच्या जोड्याजवळ आलं.

गावकऱ्यांनी कुदळी खाली टाकल्या. कारभाऱ्याला शब्द पाळावा लागला. पण मावळतीच्या भागात दगड नव्हते. तिथे त्याने दुसऱ्या गावची माणसं आणून खड्डे खणून घेतले, रोपं लावली आणि तो निघून गेला. अर्ध्याच माळावर झाडं लागली, म्हणून सडकही अर्धीच मिळाली. ती गावातून निघून माळाच्या मध्यावर अचानक संपत असे. पाटील येता-जाता म्हणे, ठकू, तुझ्यापायी गावची सडक हुकली. ठकूने कधी माफी मागितली नाही.

दोन वर्षं गेली. मावळतीची झाडं पुरुषभर उंच झाली. लांबून पाहिलं तर डोळे निवावेत असं हिरवं. जवळ गेलं तर खाली गवताची एक काडी नाही. झाडांनी पाणी इतकं ओढलं, की कडेच्या विहिरीत नुसता चिखल राहिला. त्या बाजूची काळविटं भुकेने गावाच्या ज्वारीत शिरू लागली. आणि तिसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही.

कडबा संपला. गुरं हंबरू लागली. राजाच्या झाडांचा पाला ती हुंगून सोडून देत. उगवतीच्या माळावर मात्र गवत उभं होतं. वाळून पिवळं झालेलं, पण गुडघाभर. एकेक करून माणसं विळे घेऊन ठकूकडे आली. तिने सगळ्यांना दाखवून दिलं, कुठे कापायचं, कुठे बियांसाठी राखायचं. सर्वांत शेवटी पाटील आला, मान खाली घालून, बैलजोडी घेऊन.

"सडकेवर चारायचे होते की बैल," ठकू म्हणाली. मग त्याच्या हातात विळा दिला. "मुळाशी लावू नका. चार बोटं वरून कापा."

त्याच उन्हाळ्यात राजा आपली झाडं पाहायला आला. पालखीतून त्याला हिरवा पट्टा दिसला आणि त्याचा ऊर भरून आला. उरलेल्या पिवळ्या माळावरही आता झाडं लावा, असं त्याने फर्मान सोडलं आणि गावाला कुदळी आणायला लावल्या.

पाटील पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो राजापुढे नाही म्हणाला. त्याने सांगितलं, की या वर्षी गावाची गुरं याच पिवळ्या माळाने जगवली.

राजा गोंधळला, मग रागावला. तो म्हणाला, "मी डोंगरावरचं रान तोडलं होतं, म्हणून रान देतोय. तुम्हाला ते नको?"

"महाराज," ठकू म्हणाली, "ज्याचं रान नेलं त्याला द्या. डोंगरातल्या माणसांना विचारा तिथे काय लावायचं ते. आमचा माळ मारून तुमचा डोंगर जगणार नाही."

राजाला असं कोणी बोललं नव्हतं. तो म्हणाला, "कुदळ उचला, नाहीतर आजच्या आज राज्य सोडा. सगळ्यांना सांगतोय."

कोणी हललं नाही. मग ठकूनेच वाकून कुदळ उचलली. जिने आजवर या माळाला कुदळ लावू दिली नव्हती, तिनेच. शेजारणी तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. पाटलाने उचलली. मग सगळ्या गावाने उचलली. राजा समाधानाने मागे टेकून बसला.

ठकू चालू लागली. पिवळ्या माळाच्या कडेकडेने, गवतात पाऊल न टाकता, ती सरळ मावळतीला गेली. राजाच्या पहिल्या झाडापाशी थांबली आणि तिने त्याच्या मुळाशी कुदळ घातली. तिच्यामागे पाटलाने घातली. मग घरटी एक नव्हे, घरातलं प्रत्येक माणूस खणू लागलं. राजा पालखीत उठून उभा राहिला. ओरडला. एका बाईला राज्याबाहेर काढता आलं असतं. अख्ख्या गावाला काढायला त्याच्याकडे पुरेशी माणसं नव्हती. पालखी उचलणारे भोईसुद्धा खणणाऱ्यांकडे पाहत उभे होते.

संध्याकाळी पालखी आल्या वाटेने परत गेली. गाव आणखी अकरा दिवस खणत होतं.

तात्पर्य: एका जागेचा जीव घेऊन दुसऱ्या जागेचा गुन्हा पुसता येत नाही, आणि असं पुण्य कोणी कितीही मोठ्या आवाजात करायला सांगितलं, तरी जो आपली भूमी ओळखतो त्याने ठामपणे नाही म्हणावं.