ज्याच्या गळ्यात माळ मावेना

एका डोंगराच्या पायथ्याशी, सागाच्या दाट रानात, एक कोल्हा राहत असे. तो हुशार होता आणि हे त्याला ठाऊक होते. मुलांनो, साध्या प्राण्याचा गोंधळ झाला तर तो एकाला विचारतो आणि त्याचे ऐकतो. हुशार प्राणी सगळ्यांना विचारतो आणि कोणाचेच ऐकत नाही. या कोल्ह्याचे असेच झाले. नीट बसा आणि ऐका. मी एकदाच सांगणार आहे.

त्या रानात उन्हाळ्यात एकच डोह उरे. पाणी सर्वांना पुरे, पण नितळ पाणी सर्वांना मिळत नसे. जे आधी उतरत ते नितळ पाणी पीत. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला चिखल येई. रानात दोन पक्ष होते, डोंगरकडचे आणि नदीकडचे. एकमेकांना फाडण्यापेक्षा त्यांच्या वाडवडिलांनी एक खेळ ठरवला होता. पळस फुलला की तो खेळ व्हायचा. जो पक्ष जिंकेल त्याने तो सगळा उन्हाळा आधी पाणी प्यायचे.

खेळ असा. एका सपाट कातळावर फेकणारा उभा राहायचा. त्याच्या हातात कवठ. लांबवर एक जांभळाचे झाड, आणि त्याच्या अलीकडे पळणारा. फेकणाऱ्याने कवठ पळणाऱ्याकडे फेकायचे आणि पळणाऱ्याने ते नाकाने ढकलत जांभळापलीकडे न्यायचे. समोरचा पक्ष कातळावर धावून येई आणि कवठ हिसकावून घेई. हिसकावले की डाव त्यांचा. म्हणून फेकणाऱ्याच्या पुढे काही जण आडवे उभे राहत. त्यांना आडवे असेच म्हणत. चावायचे नाही, नखे मारायची नाहीत. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ज्यांचे कवठ जास्त वेळा पलीकडे जाईल ते जिंकले. निवाडा म्हातारे कासव करी.

दर वर्षी जे नवे प्राणी वयात येत, त्यांतून दोन्ही पक्ष एकेक जण निवडत. हरलेल्यांनी आधी निवडायचे. ज्याला सर्वांत आधी निवडले, त्याच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ घालत आणि त्याला रानभर मिरवत. माळ सुगरण पक्षिणी विणत. ती नाजूक असे आणि सडपातळ गळ्याच्या मापाची असे. तिचे माप कोणी ठरवले, हे कोणालाच माहीत नव्हते.

कोल्हा डोंगरकडचा म्होरक्या होता. त्याचा पक्ष दर वर्षी हरे. म्हणून दर वर्षी पहिली निवड त्याची असे, आणि तरी तो पुन्हा हरे. हे कसे, ते त्याला कळत नव्हते.

गेल्या वर्षी त्याने चितळ निवडले होते. वाऱ्यासारखे पळणारे, देखणे. माळ अशी शोभली की मोराने मान खाली घातली. नदीकडची म्होरकी पाणमांजर होती. तिने एक ठोकळ्यासारखा गवा घेतला. त्याच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

खेळ सुरू झाला. डोंगरकडचा फेकणारा एक वानर होता. म्हातारा, पण नेमाचा पक्का. त्याच्या पुढे आडवे म्हणून एक साळिंदर आणि दोन ससे उभे होते. दुसरे कोणी उरलेच नव्हते, कारण कोल्ह्याने आजवर पळणारेच निवडले होते. गवे धावून आले. ससे बाजूला झाले. साळिंदर मागे सरले आणि त्याचे काटे आपल्याच वानराच्या मांडीत घुसले.

"अरे, मी तुझ्याच पक्षातला आहे!" वानर ओरडला.

"मला मागचं दिसत नाही, काका!" साळिंदर म्हणाले.

गव्यांनी कवठ नेले. असे पुन्हा पुन्हा झाले. शेवटी वानराचा खांदा दुखावला आणि कोल्हा स्वतः कवठ तोंडात धरून कातळावर उभा राहिला. त्याला वाटले होते, इथून सगळे मैदान दिसत असेल. त्याला फक्त धूळ दिसली. धुळीत शिंगे दिसली. जांभूळ दिसले नाही, चितळ दिसले नाही.

"चितळ कुठं आहे?" तो ओरडला. तोंडातून कवठ पडले. गव्याने ते उचलले.

चितळ जांभळापाशीच होते. सकाळपासून तिथेच होते. त्याच्या गळ्यातली माळ सुकली तरी एकदाही कवठ त्याच्यापर्यंत आले नाही. खेळ संपल्यावर ते कोल्ह्याजवळ आले आणि म्हणाले, "दादा, मी कुठं चुकलो?"

"माहीत नाही," कोल्हा म्हणाला. आणि ते खरे होते.

तो उन्हाळा वाईट गेला. गवे डोह ढवळून जात आणि मग डोंगरकडचे खाली उतरत. एका भेकरीचे पाडस त्या पाण्याने आजारी पडले आणि मेले. त्यानंतर भेकर कोल्ह्यासमोरून एकटीच डोहावर उतरे. ते त्याच्या मनाला लागले.

पुन्हा पळस फुलला. वयात आलेले नवे प्राणी झाडाखाली येऊन बसले. त्यांत एक लाल तोंडाचे माकड होते. ते नुसते गंमत म्हणून कवठे फेकत होते आणि प्रत्येक कवठ समोरच्या फांदीवर नेमके आदळत होते. सगळे रान बघायला जमले. बाजूला एक रानडुक्कर होते. ते जमीन उकरत होते.

कोल्ह्याने सल्ला विचारायला सुरुवात केली.

टिटवी म्हणाली, "यात विचारायचं काय? माकड घ्या! वानरकाका थकले. त्यांचा खांदा बघा. फेकणाराच नवा पाहिजे!"

चितळ म्हणाले, "माझ्यासारखं आणखी एक चितळ घ्या. एकाकडे नाही आलं, तर दुसऱ्याकडे येईल."

"तुझ्याकडे का आलं नाही, ते सांग आधी."

"ते मला कसं माहीत? मी तर लांब होतो."

साळिंदर म्हणाले, "मला मात्र काढू नका. मी जुना आहे."

कोल्हा वानराकडे गेला. वानर खांद्याला पाला बांधून बसला होता. कोल्हा म्हणाला, "काका, खरं सांगा. तुमचा नेम गेला का?"

"गेला की आहे, ते कळायला कवठ हातात तर राहिलं पाहिजे," वानर म्हणाला. "मी हात वर करतो आणि माझ्या अंगावर गवा असतो. तू उभा होतास की तिथं. तुला काय दिसलं?"

"धूळ."

"मग मला काय विचारतोस?"

पण कोल्ह्याला वाटले, म्हातारा आपला दोष झाकतो आहे. कासवाने तर अंगच काढून घेतले. "मी निवाडा करणारा," ते म्हणाले. "मला विचारू नकोस. आणि जरा बाजूला हो, ऊन अडतंय."

शेवटी कोल्हा पाणी प्यायला डोहावर गेला. तिथे पाणमांजर पाठीवर पडून तरंगत होती. ती म्हणाली, "काय कोल्हेदादा, तोंड का उतरलं? कोणाला घ्यायचं तेच कळत नाही ना? डुक्कर घ्या."

"कोणाला?"

"डुक्कर. ते काय, उकरतंय बघा. पुढं आडवं उभं करा. गवे थांबतील."

कोल्ह्याच्या डोक्यात तेव्हा खरा गोंधळ उडाला. शत्रू सांगतो आहे, तर ते खोटे असले पाहिजे. म्हणजे माकडच चांगले. पण मी असाच विचार करणार, हे तिला ठाऊक असणार. म्हणजे डुक्कर चांगले. पण मी इथवर विचार करीन, हेही तिने धरले असेल. मग पुन्हा माकड. तो डोहाभोवती फिरत राहिला. पाणी प्यायचे राहून गेले.

वाटेत भेकर उभी होती. तिच्या पोटाशी नवे पाडस होते. पाय अजून थरथरत होते. भेकर म्हणाली, "दादा, उद्या कोणाला घेणार?"

"अजून ठरत नाही. पाणमांजर म्हणते डुक्कर. पण ती का म्हणते, ते कळेना."

"ती का म्हणते, ते सोडा," भेकर म्हणाली. "ती स्वतः दर वर्षी कोणाला घेते?"

कोल्हा थांबला. पाणमांजरीने गेल्या वर्षी गवा घेतला होता. त्याच्या आधीही गवा. त्याच्या आधी अस्वल. तिने देखणा असा कोणी कधी घेतलाच नव्हता. ती काय बोलते, याचा तो इतका विचार करत होता की ती काय करते, हे त्याने पाहिले नव्हते.

तरीही त्याची खात्री झाली नाही. तो डुकराकडे गेला.

"तुला आडवं उभं केलं, तर काय करशील?"

"उभा राहीन," डुक्कर म्हणाले.

"बरं. आणि मग?"

"मग काय?"

"गवा अंगावर आला तर?"

डुकराने थोडा विचार केला. "उभाच राहीन," ते म्हणाले आणि पुन्हा उकरू लागले.

दुसऱ्या दिवशी सगळे पळसाखाली जमले. सुगरणींनी माळ आणली. माकडाने आधीच मान पुढे केली होती. कासव म्हणाले, "डोंगरकडच्यांनी निवडावं."

कोल्ह्याने माकडाकडे पाहिले. मग भेकरीच्या पाडसाकडे पाहिले. त्याला ती धूळ आठवली.

"डुक्कर," तो म्हणाला.

सगळे रान हसले. टिटवी म्हणाली, "अहो, पहिल्या निवडीला डुक्कर? ते शेवटी फुकटसुद्धा मिळालं असतं!"

सुगरणी माळ घेऊन आल्या. पण डुकराला गळाच नव्हता. डोके संपले की खांदे सुरू. माळ कानांवर अडकली. जोर लावला तेव्हा ती तुटली आणि पळसाची फुले चिखलात पडली. डुकराने एक खाऊन पाहिले. आता तर नदीकडचे लोळून हसू लागले.

"ही रीत नाही!" एक सुगरण रडवेली होऊन म्हणाली. "आजवर कोणाच्या गळ्यात माळ अडली नाही!"

"म्हणूनच आपण हरत आलो," कोल्हा म्हणाला. हे शब्द तोंडून निघाल्यावरच त्याला स्वतःला त्यांचा अर्थ कळला.

पाणमांजरीने माकड घेतले. एवढे चांगले माकड कोण सोडील? पण ती हसत नव्हती.

खेळाच्या सकाळी वानर कातळावर चढला. पुढे डुक्कर उभे राहिले. गवा धावून आला. मोठा आवाज झाला आणि धूळ उडाली. कोल्ह्याने डोळे मिटले. त्याला वाटले, संपले. मग धूळ खाली बसली. गवा थांबला होता. डुक्कर जिथल्या तिथे होते. त्याचे पाय जमिनीत रुतले होते.

वानराने हात वर केला. नेहमीच्या सवयीने त्याने डोळे मिटून अंग चोरले. काहीच झाले नाही. त्याने एक डोळा उघडला. समोर मैदान मोकळे होते. जांभूळ दिसत होते. चितळ दिसत होते.

"फेका ना, काका!" कोल्हा ओरडला.

"थांब रे," वानर म्हणाला. "जरा बघू दे. कधी पाहिलं नाही."

मग त्याने फेकले. कवठ चितळाच्या पुढ्यात पडले. चितळ दचकले, कारण त्याच्याकडे पहिल्यांदाच काही आले होते. मग ते पळाले.

सोपे झाले असे समजू नका. लाल माकडाचा नेम चांगलाच होता आणि त्याच्याही पुढे गवे होते. दोन्हीकडून कवठे जात राहिली. एकदा दोन गवे मिळून आले आणि डुक्कर पडले. पण पडले तेही आडवेच. सूर्य डोक्यावर आला तेव्हा डोंगरकडचे एका कवठाने पुढे होते. कासवाने मान बाहेर काढली आणि तसे सांगितले.

पाणमांजर कोल्ह्याजवळ आली. "मी खरं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मग मला का सांगितलंस?"

"मी सांगितल्यावर तर तुम्ही ते मुळीच करणार नाही, याची मला खात्री होती. तुमचा उलटसुलट विचार अर्ध्यावर कसा थांबला, तेवढं सांगा."

"मला वाट विचारायची सवय होती," कोल्हा म्हणाला. "भेकरीनं तुझी पावलं दाखवली. तू दर वर्षी कोणाला घेतेस, ते बघायला लावलं."

दुसऱ्या सकाळी डोंगरकडचे पहिल्यांदा आधी डोहावर गेले. पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे दिसत होते. सगळे काठावर घुटमळले. तेवढ्यात डुक्कर पुढे सरले. त्याला डोह दिसला की लोळायचे, एवढेच माहीत. कोल्हा धावत त्याच्यापुढे गेला. एवढे करून पाणी आपल्याच डुकराने गढूळ करायचे?

"थांब!" तो म्हणाला. "आधी पाडस पिईल. मग तू लोळ."

"बरं," डुक्कर म्हणाले. ते काठावर आडवे उभे राहिले. त्याच्या मागे सगळे थांबले, कारण त्याला ओलांडून कोणाला पुढे जाताच येईना. त्याच्या पोटाखालून वाट काढत भेकरीचे पाडस एकटेच पाण्यात उतरले. ते सावकाश, पोट भरून प्यायले. डुक्कर तोवर हलले नाही.

तात्पर्य : नेम धरणाऱ्याच्या आधी त्याच्या पुढे उभा राहणारा शोधावा, माळ कोणाला शोभते ते मागाहून पाहावे.