बिघडवून दाखव

“आणि या अकरा बदलांतलं लागू पडलं कुठलं?” बुवांनी विचारलं.

हेरंबनं खांदे उडवले. “सगळं मिळून पडलं असेल. वायफाय चालू झालं ना, बुवा!”

सकाळच्या उन्हात लॅपटॉप दोघांच्या मधे सतरंजीवर होता. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण ऐटीत उभी होती. हेरंबच्या तोंडावरची ऐट तिच्याहून वरचढ होती.

बुवांनी जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडल्या. निवृत्तीनंतर ते घाटाखालच्या या मठीत येऊन राहिले, ते ऑफिसांनी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांच्या ढिगासकट. त्या जुन्या मशीनांवर फुकट मिळणारं लिनक्स चढवायचं आणि डोंगरातल्या पाड्यांवरच्या शाळांना देऊन टाकायचं, हाच त्यांचा परमार्थ. कुणी अध्यात्म विचारायला आलं, तर त्याच्या हातात आधी स्क्रूड्रायव्हर यायचा.

हेरंब केळुस्कर दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून असाच आला आणि राहिला. पोरगा हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं. वरच्या दहा शाळांची मशीनं एकट्यानं सांभाळायला जायचं, एवढी एकच इच्छा त्यानं धरली होती. बुवा म्हणाले होते, “भोयेबाईंचा लॅपटॉप नीट कर, मग त्यांच्याच संगतीनं जायचं बोलू.”

भोयेबाईंच्या शाळेत तो एकच लॅपटॉप. वायफाय गेलं तसे एकतीस मुलांचे विज्ञानाचे धडे थांबले होते. बाई आज चारच्या एसटीनं तो घेऊन परत जाणार होत्या.

“वहीत काय लिहिलंस?”

मठीचा रिवाज होता. प्रत्येक मशीनची एक वही. एक बदल करायचा, लिहायचा, थांबून बघायचं, मगच दुसऱ्याला हात घालायचा. हेरंबनं सबंध पानावर एकच शब्द लिहिला होता, ‘दुरुस्त’.

बुवांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

“आता बिघडव.”

“काय?”

“आलं होतं तसं करून दाखव.”

“अहो बुवा, दोन दिवस डोकं फोडलंय मी! बाई येतील चारला...”

“मग लाग कामाला.”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं हेरंबच्या मनात आलं. तरी तो बसला. म्हाताऱ्यावर त्याचा जीव होता, तिथेच त्याचं अडायचं.

त्यानं वायफाय चालवणारा नवा ड्रायव्हर प्रोग्राम काढून जुना घातला. मशीन बंद करून चालू केलं. वायफाय चालूच.

बदललेली फाइल पूर्ववत केली. वायफाय चालूच.

तिसरं, चौथं, सातवं... जेवण राहिलं. दुपारी तीनला अकरावा बदलही मागे घेऊन झाला. मशीन आलं होतं अगदी तसं झालं, आणि वायफाय मजेत चालू होतं.



“बुवा... मी काहीच न करता हे चालू झालंय.”

“काहीच न करता?”

हेरंब आठवू लागला. पहिल्या दिवशी मशीननं पहिल्याच ओळीत सांगितलं होतं, वायफाय बाहेरच्या बटणानं बंद आहे. ही ओळ नेहमीचीच, म्हणून त्यानं ती वर सरकवून दिली होती. मग दुसऱ्या दिवशी पोटावरचा मॉडेल नंबर वाचायला लॅपटॉप उलटा केला होता. असा, दोन्ही हातांनी धरून...

अंगठ्याखाली, कडेला, नखाएवढी पट्टी होती. त्यानं ती सरकवली. वायफाय गेलं. परत सरकवली. आलं.

त्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात भोयेबाई आल्या. “झालं का, भाऊ? पोरं वाट बघून ऱ्हायलीत.”

“झालं, बाई. साधं बटण होतं,” हेरंब खाली मान घालून म्हणाला.

“बाई, हे मशीन आलं कशातनं?” बुवांनी विचारलं.

बाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. जुन्या साडीची, दोन पदरी, कडेनं लाल टाके. “सातवीच्या पोरींनी शिवली. अशी घट्ट बसते ना, बुवा, की पडायची भीतीच नाय.”

बुवांनी लॅपटॉप पिशवीत घातला. बाहेर काढला. हेरंबपुढे ठेवला.

वायफाय बंद होतं.



हेरंब उठला. ब्लेड आणलं, आणि पोरींचे ते लाल टाके कोपऱ्यातून एकेक करून अलगद उसवले. तेवढी कड सैल करून पुन्हा दोरा घातला. वहीतला तो शब्द खोडून खाली लिहिलं, “अकरा बदल केले. एकही लागू पडला नाही. सगळे मागे घेतले. घट्ट पिशवीत घालता-काढताना कडेची पट्टी सरकत होती. पिशवीची कड सैल केली.”

मग पट्टी सरकवून वायफाय चालू केलं, लॅपटॉप पिशवीत घातला, काढला, बघितलं. पुन्हा घातला, काढला, बघितलं. असं पाच वेळा केलं, पाचही वेळा वायफाय चालू राहिलं.

“चला, गाडी चुकंल,” भोयेबाई म्हणाल्या. “भाऊ येणार व्हते ना संगती?”

हेरंबचे डोळे भरून आले होते. ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

“आता कुठल्या तोंडानं जाऊ, बुवा?”

बुवांनी वही वाचून मिटली. हत्यारांची कापडी गुंडाळी उचलली आणि त्याच्या हातात ठेवली.

“सकाळच्या तोंडानं निघाला असतास, तर मीच दारात आडवा आलो असतो.”