भिंतीवरचं कारीट

एका गावात एक देऊळ होतं, आणि देवापेक्षा मोठे असे तीन मानकरी होते: एक आंबेवाला, एक नारळवाला, एक फणसवाला. देवळाच्या नव्या भिंतीवर गावची सगळी फळं रंगवायची, असं त्यांनी ठरवलं आणि एक चितारी बोलावला. चितारी जन्मभर दुसऱ्यांच्या ओसरीवर झोपलेला. मानकरी म्हणाले, "चित्र आमच्या मनासारखं झालं, तर देवळामागची खोपी तुझी."

काम सुरू झालं, तशी भांडणंही सुरू झाली. आंबेवाला म्हणाला, "देवाच्या दाराला तोरण आंब्याचं. माझं फळ मोठं काढ."

नारळवाला म्हणाला, "ओटीत तुझा आंबा घालतात का रे? नारळ घालतात."

फणसवाला नुसताच म्हणाला, "वजन बघा." त्याचं स्वतःचंही काही कमी नव्हतं.

चितारी हुशार. त्याने आंबा फणसाएवढा काढला, नारळ त्याहून मोठा, आणि फणस तर वासराएवढा. सगळे खूश.

चिताऱ्याला दुपारची पेज मात्र यांपैकी कुणी घातली नाही. ती घालायची गावाच्या टोकाला राहणारी एक म्हातारी. तिच्या कुंपणावर कारिटाची वेल होती. कारीट म्हणजे लिंबाएवढं कडूजहर फळ. दिवाळीच्या पहाटे नरकासुर म्हणून ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं, जिभेला लावायचं, मग आंघोळ, मग फराळ. बाकीच्यांनी कुंपणं साफ करून कलमं लावलेली, त्यामुळे अख्खा गाव कारीट न्यायला तिच्याकडेच यायचा.

"आजी, तुझे उपकार कसे फेडू?" चिताऱ्याने विचारलं.

"एका कोपऱ्यात माझं कारीट काढ. सगळ्यांना मान मिळाला. याला वर्षातून एकदा बोलावतात, तेही तुडवायला."

चिताऱ्याने खाली कोपऱ्यात कारीट काढलं. अख्ख्या भिंतीवर आपल्या मापाचं तेवढंच एक फळ होतं.

मानकरी पाहणीला आले. "चितारीबुवा, हे काय? पायाखालची वस्तू देवळात? झाका ते. नाहीतर ओसऱ्या आहेतच तुम्हाला."

चिताऱ्याच्या पोटात पेज होती आणि डोळ्यांपुढे खोपी. डोळे पोटाच्या वर असतात. त्याने कारिटावर केळीचं एक पान रंगवलं.

म्हातारीने ते पाहिलं. घरी गेली, वेल उपटली आणि चुलीत घातली.

दिवाळीच्या पहाटे तेल लावलेला सगळा गाव तिच्या कुंपणाशी. "म्हातारे, कारिटं दे."

"जे भिंतीवर चालत नाही, ते पायाखाली तरी कशाला?"

आता आली पंचाईत. कारीट नाही तर आंघोळ नाही, आंघोळ नाही तर फराळ नाही. पोरं चकलीसाठी रडायला लागली. मानकऱ्यांनी डोकं खाजवलं आणि चिताऱ्याला उठवलं. "बुवा, ते पानाखालचं कारीट परत काढा. चांगलं मोठं काढा."

चिताऱ्याला आनंद झाला. त्याने भोपळ्याएवढं कारीट काढलं आणि धावत म्हातारीकडे गेला. "आजी, चल. तुझं फळ भिंतीवर आलं. मानकऱ्यांनीच सांगितलं."

म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. देवळात रांग लागली होती. पुढे आंबेवाला. त्याने धापा टाकत डावा पाय उचलला, कारिटावर अंगठा रगडला आणि भिंतीला जीभ लावली.

"कडू आहे," चुना चाटून तो म्हणाला.

मग नारळवाला, मग फणसवाला, मग सगळा गाव. सूर्य उगवला तेव्हा कारीट नव्हतं, तेलकट हिरवा डाग होता. म्हातारी आली तशी परत गेली. मानकऱ्यांचं काय झालं म्हणता? काय व्हायचंय. आंघोळ करून फराळाला बसले.

चिताऱ्याला खोपी मिळाली. खोपीत चूल होती, चुलीवर काही नव्हतं. दुपारी तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"आजी, पेज?"

"पेज ना?" म्हातारी म्हणाली. "काढ की भिंतीवर."

तात्पर्य: पोटाला घालणाऱ्याला विकून छप्पर घेतलं, की त्या छपराखाली उपाशीच बसावं लागतं.