कडीबाईचं दार

त्या थेंबाच्या राज्यात जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे ओळखायची रीत फार जुनी होती: ज्याचं दार उघडं, तो जिवंत. रहिवासी सगळे गोल गरगरीत, मोहरीहूनही लहान, आणि प्रत्येकाच्या अंगाला एक दार. मोकळेराव तिथले प्रमुख. त्यांचं दार कित्येक दिवसांत मिटलं नव्हतं. येईल ते आत शिरे, असेल ते बाहेर वाहून जाई, आणि कोणी काहीही म्हटलं की आतून "आपण म्हणाल तसं" असा आवाज घुमे. केवढं मोठं मन, असं लोक म्हणत.

कडीबाई मात्र दार लावून बसे. हवं ते पारखून आत घेई, नको ते परत पाठवी. साहजिकच सगळे तिला आखडू म्हणत.

थेंबातली साखर संपत आली. पलीकडे गोड पाण्याचं नवं कुंड होतं, पण तिथे जिवंतांनाच जागा. यादी करण्यासाठी मोकळेरावांनी पाण्यात निळा रंग सोडला: ज्याच्या आत तो शिरेल, तो जिवंत. बघता बघता ते आणि त्यांची सभा निळीशार झाली. कडीबाईच्या दारावर रंगाने तीनदा थाप मारली.

"नको," ती आतून म्हणाली.

"रंगसुद्धा चढत नाही. गेली बिचारी," सभेने ठरवलं आणि तिला वगळलं.

कडीबाईला रडू आलं. तिच्या कुशीला कोंब फुटत होता, तिचं बाळ. त्याला तरी साखर हवी होती. घ्यावा का थोडा रंग? कडी अर्धी सरकलीही. तेवढ्यात कोंब हलला आणि तिने ती पुन्हा घट्ट लावली.

कुंडाची वाट एका अरुंद पाटातून होती. काठाने जाणारी धार कुंडात शिरे, मधली मात्र सरळ गटाराला मिळे. निळी मंडळी थाटात पुढे निघाली; कडीबाई मागे, बिनयादीची. इतक्यात काठाकडून एक न दिसणारी ओढ सुरू झाली. या ओढीला यादी वाचता येत नव्हती; खरोखर जिवंत असेल त्यालाच ती धरे. उघड्या दारांत तिला धरायला काही सापडेना. ती आरपार निघून जाई. बंद दार तिने बरोबर पकडलं. कडीबाईला गुदगुल्या झाल्या आणि ती हसत हसत काठाला लागली.

"अहो मोकळेराव, पुढे गटार आहे," तिने हाक मारली.

"आपण म्हणाल तसं," ते नम्रपणे म्हणाले आणि वळणाआड गेले.

कुंडात शिरताच कोंब सुटा झाला. त्याने साखरेचा वास घेतला, घोटभर आत घेतली, आणि आपलं इवलंसं दार लावून घेतलं.