चिचुंद्रीची चादर आणि राणीची वाटी

होती एक चिचुंद्री. नाक लांब, पाय आखूड, जीभ तिखट. तिला तीन पिल्लं.

पिल्लं आईमागून कशी चालायची? पहिल्याच्या तोंडात आईची शेपटी. दुसऱ्याच्या तोंडात पहिल्याची. तिसऱ्याच्या तोंडात दुसऱ्याची. तुरुतुरु तुरुतुरु!

थंडीचे दिवस. वारा आला, भर्रर्र! पिल्लांची चादर उडाली. नदीत पडली. गेली वाहून!

पिल्लं कुडकुडली. हुहुहू!

"रडायचं नाही," चिचुंद्री म्हणाली. "धरा शेपट्या!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली विणकरदादाकडे.

"विणकरदादा, विणकरदादा, चादर विण."

"कशी विणू? सूत नाही, माग अडला. सूतमावशीला सांग."

"सांगते. तोवर बसू नकोस नुसता. माग पूस!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली सूतमावशीकडे. घरात कापूसच कापूस! चरखा मात्र थांबलेला.

"सूतमावशी, सूतमावशी, सूत कात.
माग अडला,
पिल्लांना चादर कोण देईल?"

"कसं कातू? चरख्याची चाती मोडली. लोहारमामाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली लोहारमामाकडे.

"लोहारमामा, लोहारमामा, चाती घडव.
चाती मोडली,
माग अडला,
पिल्लांना चादर कोण देईल?"

"कशी घडवू? कोळसा नाही, भट्टी विझली. कोळसा येतो नदीपलीकडच्या देशातून. फाटककाकाला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली फाटककाकाकडे. नदीवर पूल. पुलावर फाटक. फाटकाला हे एवढं कुलूप!

"फाटककाका, फाटककाका, फाटक उघड.
भट्टी विझली,
चाती मोडली,
माग अडला,
पिल्लांना चादर कोण देईल?"

"कसं उघडू? पलीकडच्या राणीने फाटक लावलं. किल्ली तिच्याकडे. तू जा खालून, मावशील!"

चिचुंद्री गेली फाटकाखालून. सर्रर्र!

पलीकडे काय? कोळशाचे ढीगच ढीग. पण अंगावर कुणाच्या धड चादर नाही. चादरी तर अलीकडून यायच्या ना! तुरुतुरु तुरुतुरु, गेली राणीकडे.

"राणीबाई, राणीबाई, फाटक उघडा.
फाटक लागलं,
भट्टी विझली,
चाती मोडली,
माग अडला,
पिल्लांना चादर कोण देईल?"

"का उघडू?" राणी म्हणाली. "तुमच्या राजाला मी वाटीभर खीर पाठवली. वाटी परत आली, ती रिकामी! शेजारणीची वाटी कुणी रिकामी देतं?"

"नाही हो बाई!"

"मग ही घे वाटी. भरून आण."

चिचुंद्रीने वाटी डोक्यावर घातली. डोळे झाकले, नाक तेवढं बाहेर. तुरुतुरु ठण्! तुरुतुरु ठण्! गेली अलीकडच्या राजाकडे.

"राजा, राजा, वाटी भर.
राणी रुसली,
फाटक लागलं,
भट्टी विझली,
चाती मोडली,
माग अडला,
पिल्लांना चादर कोण देईल?"

राजा म्हणाला, "पण मी वाटी घासून दिली होती! लख्ख! माझ्या हातांनी!"

"घासलीस रे शहाण्या, पण भरली का नाहीस? आता तरी चिमूटभर साखर घाल!"

"साखर पलीकडून येते. फाटक लागलं, साखर संपली."

आता?

तिसरं पिल्लू शिंकलं. आऽच्छी! शेपटी सुटली. "आई," ते म्हणालं, "थंडी."

चिचुंद्रीने पाय आपटला. "राजा! नाही ते नाही. आहे ते घाल! तुझ्या उशीत काय आहे?"

"कापूस."

"मग बघतोस काय?"

राजाने उशी उसवली. टर्रर्र! वाटी कापसाने भरली.

तुरुतुरु तुरुतुरु, गेली राणीकडे. राणीने कापसाचे दोन बोळे केले. एक या कानात, एक त्या कानात.

"हाश्श! किती दिवस कानात वारं शिरत होतं!" म्हणाली आणि हसली.

राणी हसली, फाटक उघडलं. करकर्र!
कोळसा आला, भट्टी पेटली. भप्प!
चाती घडली, चरखा फिरला. गर्रर्र!
सूत आलं, माग चालला. खटाखट खटाखट!

"पहिली चादर मला," राजा म्हणाला.

"रांगेत उभा राहा," विणकरदादा म्हणाला. "पहिली चिचुंद्रीची!"

मग माग थांबलाच नाही. चादरी निघाल्या पलीकडे. कोळसा नि साखर आली अलीकडे.

"बाई गं," विणकरदादा म्हणाला, "इतक्या चादरी मी कधी विणल्या नव्हत्या!"

"फाटक बंद असताना काय विणणार होतास? वारा?" चिचुंद्री म्हणाली.

आणि वाटी? ती अजून फिरते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. रिकामी नाही हं!

चादरीत शिरली आई. शिरलं पहिलं. शिरलं दुसरं. शिरलं तिसरं. सोडा रे शेपट्या आता!

वाटी भरली, चादर विणली,
गोष्ट पांघरून पिल्लं निजली.