टणकोजीचं सोपं बीळ

उंदीर माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळी टणकोजी नावाचा एक उंदीर होता. "अख्ख्या शिवारात माझ्याएवढं डोकं कुणाचं नाही," असं तो छाती काढून सांगे, आणि लगेच म्हणे, "म्हणून तर ते दारात अडकतं!"

बांधावरचं मोठं बीळ सगळ्यांचं होतं. ज्याला वाटेल त्यानं राहावं, डागडुजी करावी, हवं तर तसंच दुसरं खणून घ्यावं. टणकोजीच्या खोलीला सात दारं होती आणि तो रोज वाट चुकायचा.

शेजारची गेंदावहिनी म्हणाली, "भावजी, नको ती दारं मातीनं लिंपून टाका की."

"छे! लिंपालिंपी करणारा मी नव्हे. सोपं बीळच काढतो!"

त्यानं पलीकडे मोठ्या बिळाची हुबेहूब नक्कल खणली, फक्त दार एकच ठेवलं, आणि मिशीला ताव दिला.

पुढं शेतात पाटाचं पाणी शिरू लागलं. मोठ्या बिळात ज्याला सवड मिळेल त्यानं माती उकरली आणि वरच्या अंगाला कोरडी जागा झाली. टणकोजीकडे उकरायला एकटा टणकोजी, आणि तो आपल्या दाराचं कौतुक करण्यात गुंतलेला.

शेवटी त्याच दारातून पाणी आत आलं. छत फोडून, नाकातोंडात चिखल घेऊन तो वहिनीपुढं उभा राहिला.

"वहिनी, माझी जुनी खोली आहे ना? पण सातांतल्या कुठल्या दारानं जाऊ?"

"एकच उघडं आहे, भावजी. तुम्ही तिकडे पहिली माती उकरत होतात, तेवढ्यात बाकीची सहा मी लिंपून टाकली."